माळेचं पथ्य

दुपारचे तीन वाजले की वडील पडवीतून हाक मारायचे, "नर्सबाय, राजाक ताप इलो काय गो?" म्हणजे टीव्ही लाव. मी लगेच ओ दिली नाही तर दुसरी हाक येत नसे. जमिनीवर काठी आपटल्याचा आवाज येई, आणि एका ठोक्यात ते किती रागावलेत ते मला कळे.

मालिका कोरियातली होती. माझी लेक पुण्याला असते. गणपतीला आली तेव्हा तिने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि "आई, ही तुझ्यासाठीच काढल्यासारखी आहे" म्हणत ती हिंदीतून सुरू करून दिली. आजच्या काळातली एक नर्स मोठ्या इस्पितळात रात्रपाळी संपवून लिफ्टमध्ये शिरते. लिफ्ट बंद पडते. दार उघडतं तर समोर चारशे वर्षांपूर्वीच्या राजाचं औषधांचं कोठार. भिंतभर खण, खणाखणात मुळ्या आणि साली, आणि मधोमध पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा वैद्य, कमरेला कोठाराची किल्ली लावून तिच्याकडे बघतोय. बाईच्या खिशात थर्मामीटर, कात्री, बँडेजचा एक रोल आणि दोन पेनं. ते खिसे बघून मी त्या मालिकेवर विश्वास ठेवला. पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत मी हेच खिशात घालून हिंडले होते.

वडिलांना हिंदी अर्धं कळायचं. उरलेलं ते पदरचं घालायचे. त्यांचं वय चौऱ्याऐंशी, माझं साठ. नवरा गेला, पाठोपाठ नोकरीही संपली, म्हणून मी कट्टा गावाहून धामापूरकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात माहेरी परत आले होते. दोन म्हातारी माणसं एका घरात राहिली की बोलायला विषय लागतो. आम्हाला तो कोरियाने पुरवला. मी नर्सच्या बाजूची, ते वैद्याच्या. नर्सने कोणाची जखम उकळलेल्या पाण्याने धुतली की मी म्हणायची, "बघा!" वैद्याने नाडी धरून डोळे मिटले की ते म्हणायचे, "आता तू बघ." एकदा नर्सने राजाच्या काखेत थर्मामीटर घातला तेव्हा मात्र ते खदखदून हसले. "राजाच्या काखेत! आणि तो गप बसलो!"

ते वैद्याच्या बाजूचे का, हे सांगायला हवं. माझे वडील शेतकरी. भात, थोडे काजू, आंब्याची नऊ कलमं. पण पंचक्रोशीत ते ओळखले जात ते काविळीच्या माळेसाठी. रविवारी आणि बुधवारी सकाळी अंगणात माणसं येऊन बसत. वडील मागच्या परड्यात जाऊन एका झाडाच्या काड्या आणत, त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करत आणि पांढऱ्या दोऱ्यात एकेक तुकडा गाठीने बांधत जात. टाळूवर बसेल एवढीच माळ व्हायची. ती डोक्यावर ठेवायची. दिवस जातात तशी ती वाढते, कानांवरून गळ्यात उतरते, मग छातीवर, मग बेंबीपर्यंत, आणि शेवटी पायांतून काढून वाहत्या पाण्यात सोडायची. माळेबरोबर कावीळ उतरते, असं सगळे मानत.

तिचे नियम होते. पैसे घ्यायचे नाहीत. माळ बांधताना कोणी बोलायचं नाही. झाडाचं नाव सांगायचं नाही. सांगायचं तर आयुष्यात एकदाच, एकालाच, आणि सांगितलं की सांगणाऱ्याचा हात बंद. त्याने पुन्हा माळ द्यायची नाही. देणाऱ्याला स्वतःची माळ स्वतः बांधता येत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम पथ्याचा. ज्याच्या हातची माळ, त्याने सांगितलेलं पथ्य. त्यात कमी-जास्त नाही, का म्हणून विचारणं नाही.

तेविसाव्या वर्षी मी नर्स झाले आणि माझ्या अंगात आलं. कुठलं झाड ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी मेंदीच्या ओल्या काड्या घेतल्या, तशीच माळ बांधली आणि माजघरातल्या खुंटीला लावली. आठ दिवसांत ती वीतभर वाढली. हिरवी काडी सुकून बारीक होते, गाठ सैल पडते, दोरा मोकळा होतो, एवढंच. पुढच्या रविवारी अंगणात सात-आठ माणसं बसलेली असताना मी ती माळ नेऊन सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, "खुंटयेक पण कावीळ झाली होती काय?"

कोणी हसलं नाही. वडिलांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि हातातली गाठ पुरी केली. तेव्हापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलत होते. आई गेल्यावर मार्फत बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून आम्ही सरळ बोलायला लागलो, पण माळ हा विषय दोघांनीही टाळला. माहेरी आले की त्यांच्या अंगणात आलेल्यांना मी बाहेर गाठून रक्त तपासायला पाठवायची. ते त्यांना दिसायचं. ते काही म्हणायचे नाहीत. आज मला त्या खुंटीच्या वाक्याची लाज वाटते. तेव्हा मला ते फार हुशार वाटलं होतं.

यंदा दिवाळीनंतरची गोष्ट. वडील टीव्हीपुढे काळा चष्मा लावून बसायला लागले. मोतीबिंदू काढला तेव्हाचा तो चष्मा, वर्षभर कपाटात पडून होता. मला वाटलं, पडद्याचा उजेड सोसत नसेल. अंग खाजवत तेव्हा वाटलं, थंडीने कातडी सुकली असेल. पेजेचा वाडगा अर्धा ठेवून उठत, तर वाटलं, वय झालं. नर्स म्हणून मिरवणारी मी, माझ्या डोळ्यांसमोर हे सगळं चाललं होतं. एका दुपारी घाम पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि दारातून आलेल्या उन्हात मला त्यांचे डोळे दिसले. हळदीसारखे पिवळे.

"किती दिस झाले?" मी विचारलं.

"राजा काय म्हणता तां ऐक," ते म्हणाले आणि चष्मा परत लावला.

त्यांना कणकवलीला तपासायला नेताना मला फार बोलावं लागलं नाही. रक्त देऊ, पोटाचा फोटो काढू, बस, एवढ्यावर ते आले. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. डॉक्टर म्हणाले, तोंडातून दुर्बीण घालून काढता येईल, पोट फाडायला नको. दुर्बिणीचे डॉक्टर दर सोमवारी कोल्हापूरहून येतात. येता सोमवार चुकवू नका, या वयात नळीत पू झाला तर आठवडाही मिळायचा नाही. तो दिवस बुधवार होता.

घरी आल्यावर वडील खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी जावचंय नाय."

मी समजावलं, ओरडले, शेवटी रडले. ते शांत होते. "पन्नास वर्सां लोक माझ्या दारात कावीळ घेवन येतत. मी माझी कावीळ घेवन दुसऱ्याच्या दारात गेलंय, तर त्यांनी काय समजाचा? ती सगळी माणसां खोटी पडली?" मी म्हटलं, तुमच्या माळेने खडा निघणार नाही. ते म्हणाले, "माका माझी माळ बांधूक येत नाय. तो प्रश्न नाय."

मग प्रश्न काय होता? त्यांना जगायचं होतं, हे मला दिसत होतं. अंगणातल्या नव्या कलमाला ते रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत होते. पण स्वतःच्या पायांनी कणकवलीला जायचं तर पन्नास वर्षांवर पाणी सोडावं लागणार होतं. आणि मला बाप हवा होता. त्यापुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

गुरुवारी मी मुद्दाम टीव्ही लावला. नेमका त्या भागात म्हातारा वैद्य आजारी पडला. पोटात गळू. नर्स म्हणते, चिरावं लागेल. दरबारी म्हणतात, वैद्याच्या अंगाला हत्यार लावलंस तर तुझं डोकं उडवू. वैद्य स्वतः म्हणतो, मी माझ्या मुळ्यांनी बरा होईन. आणि कोठारातच कोसळतो.

"बंद कर," वडील म्हणाले.

"पुढे काय होता तां बघूया."

काठी आपटली. मी बंद केला. शुक्रवारी तीन वाजता हाक आली नाही. त्या दिवशी त्यांच्या अंगाला थोडी कसर आली आणि मी रात्री चारदा उठून त्यांच्या कपाळाला हात लावला.

शनिवारी सकाळी ताप नव्हता. मी कट्ट्याला बाजार करायला गेले. परत आले तर वडील पायरीवर बसलेले, मांडीवर कोयता. "पिशयो ठेव आणि माझ्यावांगडा चल," म्हणाले.

परड्यात, कुंपणाच्या कडेला ते थांबले. मी लहानपणापासून ज्या झाडाला टॉवेल वाळत घालत आले, त्याच्या फांदीवर त्यांनी हात ठेवला आणि नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. माझा विश्वास आहे म्हणून नव्हे, मला एकदा सांगितलं गेलंय म्हणून.

मी म्हटलं, "बाबा, आता तुमचो हात बंद झालो."

"झालो," ते म्हणाले. "आता बस खाली. गाठ शिकयतंय."

त्यांनी काडी कापली, तुकडे केले, दोरा माझ्या हातात दिला. मी बांधायला लागले. जखमेचे टाके बांधायची सवय, माझी गाठ पक्की बसली. त्यांनी ती नखाने सोडवली. "इतकी घट नको. ढिली मार. काडी सुकली काय गाठ मोकळी होवक व्हयी. नायतर माळ वाढतली कशी?"

मी दोरा खाली ठेवला. "तुमका ठावक होता?"

"काय?"

"माळ गाठीमुळे वाढता तां."

"म्हणजे? बांधतंय कोण?" ते म्हणाले, आणि मग काळ्या चष्म्याआडून हसले. "खुंटयेर लावन बघलंस मां तू? बरी वाढली होती तुझी. पयल्या टायमाक माझी तितकी वाढूक नाय."

मी विचारलं, "मगे लोकांका कित्याक बांधलात?"

"माळयेन कावीळ जायत नाय गो. पथ्यान जाता. तेलकाट सोड, दारू सोड, घरात पडान रव, इतक्याच. पण नुसतां सांगून कोण ऐकता? डोक्यार माळ आसली काय ती दिसता. त्याका दिसता, घरच्यांका दिसता, गावाक दिसता. मगे माणूस पंधरा दिस पथ्य पाळता. आणि पथ्यान ज्यांची जायत नाय, ती माणसां तू भायर गाठून दवाखान्यात धाडी होतंसच."

"माका कधी बोलल्यात नाय ह्यां."

"तू इचारलंस खंय?" ते म्हणाले. "तू सांगलंस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. सदतीस वर्षं मी या माणसाला भोळा समजत आले होते.

रविवारी पहाटे मी एकटी परड्यात गेले, काड्या आणल्या आणि न बोलता माळ बांधली. बारा गाठी, सगळ्या ढिल्या. वडील अंगणात पाटावर बसले होते, जिथे इतकी वर्षं दुसरी माणसं बसली होती. मी माळ त्यांच्या टाळूवर ठेवली. त्यांनी मान खाली घालून विचारलं, "पथ्य?"

तोपर्यंत मी काहीच ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते. त्यांनी विचारलं आणि मला वाट दिसली.

"तेलकाट बंद," मी म्हटलं. "माशे बंद. आज रात्री बारानंतर पाणी पण नाय. आणि उद्या सोमवारी कणकवलेक जावचा, दुर्बीण घालून खडो काढून घेवचो."

त्यांनी मान वर केली. "ह्यां खंयचा पथ्य?"

"माळ माझ्या हातची. पथ्य माझां."

कोंबड्या दाणे टिपत होत्या. मी साडीचा काठ धरून उभी राहिले. ते नाही म्हणाले असते तर पुढे माझ्याकडे काही नव्हतं.

"रिक्षेवाल्याक सांगान ठेव," ते म्हणाले. "सकाळचो येळार येणा नाय तो."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात टोपी काढल्यावर माळ दिसली. वॉर्डातली नर्स कात्री घेऊन आली. वडिलांनी टाळूवर हात ठेवला आणि तिला शुद्ध मराठीत सांगितलं, "ही देणाऱ्यानेच काढायची असते." मग माझ्याकडे बघितलं. दुर्बिणीच्या खोलीच्या दारात मी ती काढली आणि पाऊण तास बाकावर मुठीत धरून बसले. पस्तीस वर्षं लोकांना "काळजी करू नका" म्हणत आले, ते वाक्य किती पोकळ आहे ते त्या बाकावर कळलं. मी त्या माळेच्या गाठी एकेक करून मोजत होते, पुन्हा पहिल्यापासून मोजत होते, आणि मनात म्हणत होते, वाढ गो बाय, उतर.

खडा निघाला. गुंगी उतरल्यावर वडिलांनी पहिल्यांदा डोकं चाचपलं. "खंय आसा?" मी माळ परत ठेवली. कोल्हापूरचे डॉक्टर फेरीला आले, त्यांनी ती बघितली आणि भुवया वर केल्या. वडील म्हणाले, "पथ्य आहे, डॉक्टर. चालू ठेवायला लागतं."

दोन आठवड्यांत माळ छातीवर आली आणि डोळे पांढरे झाले. काळा चष्मा कपाटात गेला. एका दुपारी तीन वाजता हाक आली, "राजा बरो आसा मां गो?" मी टीव्ही लावला आणि आमचा अर्धवट राहिलेला भाग शोधायला लागले.

टीव्हीवर मालिकेच्या प्रत्येक भागाच्या चित्राखाली एक लाल रेघ असते. जितका भाग बघून झाला तितकी ती भरते. आम्ही गुरुवारी मधेच बंद केलेल्या भागाची रेघ शेवटपर्यंत भरलेली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी बाजारात गेले होते ती शनिवारची सकाळ मला आठवली.

मी तो भाग वैद्य कोसळतो तिथून लावला. वैद्य शुद्धीवर येतो. नर्सला जवळ बोलावतो, कमरेची किल्ली सोडतो आणि तिच्या तळहातावर ठेवतो. कोठाराची किल्ली जिच्याकडे, तिचा हुकूम सगळ्यांवर, वैद्यावरसुद्धा. मग तो आडवा होतो आणि म्हणतो, आता हुकूम कर.

मला वाट दिसली होती म्हणे! वाट त्यांनी आखून ठेवली होती. आपला हात कायमचा बंद केला, मला बसवून गाठ शिकवली, आणि मान खाली घालून माझ्या हुकमाची वाट बघत बसले. मला रडू आलं. रागही आला, कारण पुन्हा एकदा मी स्वतःला हुशार समजले होते.

"ह्यो भाग तुमी आधी बघलात?" मी विचारलं.

"मी?" वडील पडद्याकडे बघत म्हणाले. "माका रिमोट खंय चलवूक येता?"

त्यानंतरच्या रविवारी सकाळी एक बाई नवऱ्याला घेऊन अंगणात आली. त्याचे डोळे पिवळे होते. वडील सवयीने उठले, हात भिंतीवरच्या कोयत्याकडे गेला आणि तिथेच थांबला. क्षणभर त्यांना हाताचं काय करावं ते कळेना. मला ते बघवलं नाही. मग ते खुर्चीत परत बसले आणि म्हणाले, "ती दितली."

बाईचा चेहरा उतरला. ती त्यांच्या हातची माळ घ्यायला आली होती. मी म्हटलं, आधी रक्त तपासायचं आणि पोटाचा फोटो काढायचा, त्याचे कागद मला आणून दाखवायचे. ती वडिलांकडे बघायला लागली.

"पथ्य आसा तां," वडील म्हणाले. "कित्याक म्हणान इचारूचा नाय."

मी काड्या आणल्या आणि बांधायला बसले. अंगणात सगळे गप्प झाले. वडील मांडीवर हात ठेवून बघत होते आणि त्यांची बोटं आपोआप हलत होती, माझ्याबरोबर एकेक गाठ मारत. चौथ्या गाठीला काठी आपटली. माळ होईपर्यंत बोलायचं नसतं, म्हणून ते काही बोलले नाहीत. मी गाठ सोडली आणि ढिली मारली.